नाव नको, पत्ता बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आधी मी ठेवला, खरंय. "आई, ती विंडोजचीच फाइल आहे, तुला काय कळतंय," असं म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. आज भांडायला लिहीत नाहीये. पण त्या एसव्हीसीहोस्ट फाइलचा पत्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते बघितलास का?

एसव्हीसीहोस्ट हे नाव विंडोजचंच, मागे गुपचूप चालणाऱ्या कामांना, म्हणजे सर्व्हिसेसना, चालवणारी फाइल. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, एकाच वेळी पन्नास दिसली तरी घाबरायचं कारण नाही. २०१७ पासून विंडोज १०मध्ये साडेतीन जीबीहून जास्त रॅम असली की बहुतेक सर्व्हिसेसना आपापली वेगळी एसव्हीसीहोस्ट मिळते. पण हे नाव व्हायरसलाही घेता येतं रे! राइट-क्लिक कर, 'ओपन फाइल लोकेशन' बघ. विंडोजचं स्वतःचं सिस्टिम३२ फोल्डर निघालं तर बरं. ॲपडेटा किंवा टेम्प निघालं, तर नेट आधी तोड आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल.

स्पेलिंगही बोट ठेवून वाच. व्ही आणि सीची अदलाबदल, ओच्या जागी शून्य. एलसास, म्हणजे लॉगिन तपासणारी विंडोजची फाइल, तिच्यात तर सुरुवातीच्या छोट्या एलऐवजी कॅपिटल आय घालतात, चष्मा लावूनही कळत नाही. एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, त्याची गंमत उलटी: तो थेट विंडोज फोल्डरमध्ये असतो, सिस्टिम३२मध्ये दिसला तर संशय घ्यायचा.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

आणि घाईने डिलीट करू नकोस. अस्वल आठवतं? २००२ साल. मेल आला: करड्या अस्वलाचं चित्र असलेली फाइल व्हायरस आहे, ताबडतोब काढा, सगळ्यांना कळवा. मी काढली, आणि सतरा जणांना कळवलंही. ती विंडोजचीच निघाली, जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या डीबगरची. तू चार वर्षांचा, माझ्या मांडीवर. "अस्वल कुठे गेलं?" म्हणत रडत झोपलास. मी रात्री सतरा माफीचे मेल लिहिले. बाबा अजून त्यावरून चिडवतात.

तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे काय मला ठाऊक नाही? आबांचा पीसी तू फॉरमॅट न करता वाचवलास, तेव्हा मी ऑफिसभर सांगत सुटले होते. पण दमलास की तू "होईल नीट" म्हणून सोडून देतोस. तो तापही असाच आठ दिवस अंगावर काढलास, आम्हाला कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. लॅपटॉप नुसता उघडा ठेवला तरी पंखा घरघरतो, हेही तू परवा सहज बोलून गेलास. त्यावरच बँकेची कामं करतोस ना?

असो. मी फोन करणार नाही. त्या फोल्डरचा स्क्रीनशॉट तेवढा पाठव, वर एक शब्दही लिहू नकोस हवं तर.

तुझी,
आई

ता. क. तो पाठवेपर्यंत बँकेत लॉगिन करू नकोस.