बुरशीला मुळे नसतात!

महोदय,

झाडांच्या मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या जमिनीखालच्या जाळ्यावर, म्हणजे कवकजालावर बेतलेल्या परस्परसंवादी कलाकृतींविषयीचा कालच्या रविवार पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो ‘बुरशीची मुळे’ असे खरोखरच छापले आहे ना, याची खात्री करण्यासाठी. बुरशीला मुळे नसतात, तंतू असतात, हे अकरावीच्या वर्गात सांगण्यात माझी २६ वर्षे गेली.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन अशीच एक कलाकृती पाहिली. अंधाऱ्या दालनात दोऱ्यांचे जाळे पसरले होते आणि त्यावर हात ठेवताच पलीकडच्या झाडापर्यंत निळा प्रकाश धावत जाईल, असे फलकावर लिहिले होते. नातवाने हात ठेवला, काहीच झाले नाही. ‘जोरात दाबू नका, सेन्सर जातो,’ असे तेथील सेवकाने बजावले आणि बाजूच्याच ‘कृपया स्पर्श करू नये’ या पाटीकडे बोट दाखवले. परस्परसंवाद म्हणावा तो एवढाच. अखेर सेवकानेच भिंतीवरचे बटण दाबले, तेव्हा सगळी झाडे एकदम उजळली. नातवाने मागे वाकून वायरींचा गुंता पाहिला आणि विचारले, ‘आजोबा, खऱ्या जंगलात हे कोण चालू करतं?’

कोणीच नाही. झाड साखर देते, कवक स्फुरद आणून देते आणि हा व्यवहार महिनोन्‌महिने मुकाट्याने चालतो. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांमधील कार्बनची देवाणघेवाण मोजून १९९७ साली प्रसिद्ध केली, ते काम मोलाचेच आहे. मात्र तेथून थेट ‘आई झाड लेकरांना ओळखते’ येथपर्यंत उडी मारणाऱ्या आपल्या लेखकाने, असे दावे पुराव्याच्या फार पुढे गेले आहेत हे संशोधक जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, याचा साधा उल्लेखही करू नये?

कलाकारांना निळा रंगच हवा असेल, तर त्यांनी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यावे. कांद्याची कोवळी मुळे अल्कधर्मी द्रावणात तापवून, ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की एकेका पेशीत कवकाचे इवलेसे निळे झुडूप फांद्या पसरून बसलेले दिसते. हे कवक त्या जंगलातल्यापेक्षा वेगळ्या गटातले, पण देणेघेणे तेच. तिकीटही लागत नाही.

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘जमिनीखालचे कवकजाल’ असे छापले आहे. छायाचित्रात जमिनीवर उगवलेली कुत्र्याची छत्री आहे.

– वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा