फ्रीजमधलं पाणी आणि मागचा कोरडा ट्रे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पालिकेची डेंग्यूवाली ताई आमच्या दारात आली नसती तर आत्ता मी नवीन फ्रीजचा हप्ता भरत असते, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण ट्रेचा भाग ठेवा.

झालं असं की जूनच्या शेवटी आमच्या डबल डोअर फ्रीजमध्ये भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साठायला लागलं. आधी मला वाटलं कोथिंबीर ओली ठेवली असेल, मग वाटलं मुलानं बाटली सांडली असेल, त्याला उगाच बोलूनही झालं. रोज सकाळी फडकं पिळायचं, संध्याकाळी परत तेच. दहाएक दिवसांनी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढायला गेले तर निघेचना, खाली बोटभर जाड बर्फाची लादी आणि पिशवी त्यात रुतून बसलेली. ह्यांनी लाटणं घेतलं, मग स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले, तेव्हा मी म्हटलं थांबा, माणूस बोलवू.

माणूस आला. दार उघडलं, हात लावून बघितलं, दोन मिनिटांत निदान: "गॅस गेलाय मॅडम, साडेतीन हजार. आणि पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, तो पण उडालेला असू शकतो, मग त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या." मी म्हटलं अहो आइस्क्रीम दगडासारखं आहे, बर्फ पडतोय, मग गॅस गेला कसा? त्यावर तो मोबाइल बघत बसला. तपासणीचे साडेतीनशे मात्र घेऊन गेला.

त्याच आठवड्यात पालिकेची ती ताई आली. कुंड्यांखालच्या बशा बघितल्या, कूलर आहे का विचारलं आणि म्हणाली, फ्रीजच्या मागचा ट्रे दाखवा. खरं सांगते, चौदा वर्षांच्या संसारात मला फ्रीजच्या मागे ट्रे असतो हेच माहीत नव्हतं! फ्रीज ओढला, खाली कॉम्प्रेसरवर एक काळं प्लास्टिकचं ताट, त्यात धूळ, एक मेलेलं झुरळ आणि पाण्याचा थेंब नाही. ताई खूश, "तुमचा एकदम कोरडा आहे," म्हणून वहीत लिहून गेली. हे सगळं समोरच्या दारातून शेजारचे काका बघत होते. काकांची आयुष्यभर फ्रीज-एसी रिपेअरची कामं झालेली, आता रिटायर. ते म्हणाले, "अगं, पावसाळ्यात ट्रे कोरडा आणि आत पाणी, म्हणजे पाणी वरच कुठंतरी अडलंय. ड्रेन चोकअप आहे तुझा."

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर! आमच्यासारख्या फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये बर्फ होतच नाही असं नसतं. फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड गार होणाऱ्या नळ्यांची कॉइल असते, तिच्यावर हवेतलं बाष्प बर्फ होऊन बसतच असतं, आणि दर काही तासांनी एक हीटर लागून तो बर्फ वितळवतो. ते पाणी कॉइलखालच्या पन्हळीतून एका छोट्या भोकात, तिथून पाइपनं मागच्या ट्रेत, आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं तिथंच सुकून जातं. भोक बुजलं की पाणी फ्रीजरच्या तळाला पसरतं आणि गोठतं, तीच आमची लादी, आणि उरलेलं पाणी खालच्या कप्प्यात झिरपत भाजीच्या ड्रॉवरपाशी. गॅसचा संबंधच नाही. गॅस कमी झाला तर मुळात गार होणं कमी होतं, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू राहतो आणि कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ धरतो.

काकांचं एकच पालुपद, बर्फ कुठं जमतो ते आधी बघ. तळाला काचेसारखी लादी असेल तर ड्रेन. मागच्या पॅनलवर पांढरा थर येतोय, पंखा बर्फाला घासून करकरतोय, वर फ्रीजर गार पण खाली दूध नासतंय, तर डिफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर नाहीतर टायमर गेला असण्याची शक्यता जास्त, तिथं मेकॅनिक लागतोच. आणि दाराजवळ, पिशव्यांवर भुसभुशीत बर्फ असेल तर दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, अलगद निघाली तर तिथून दमट हवा आत जातेय. बऱ्याचदा रबर बदलावंही लागत नाही, साबणाच्या पाण्यानं चिकटा काढला आणि दबलेल्या जागी कोमट पाण्याचं फडकं धरलं की फुगून नीट बसतं. आमच्या डोंबिवलीच्या हवेत जुलैत दार दोन मिनिटं उघडं राहिलं तरी भरपूर बाष्प आत जातं, त्यात आपण गरम भाताचा डबा ठेवणार!

रविवारी सकाळी काम काढलं. प्लग काढला (नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा), माल कोळणीकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात भरला, दोन्ही दारं उघडी, खाली जुने टॉवेल. चार-पाच तास काही करायचं नाही, हेच सगळ्यात अवघड. ह्यांना हेअर ड्रायर लावायचा होता, काका म्हणाले पाणी आणि करंट एकत्र नको. उकळतं पाणीही नको, प्लास्टिकला तडे जातात. लादी आपोआप सुटल्यावर काकांनी पॅनलचे स्क्रू काढले. इथं मी हात घातला नाही, वायरी असतात आणि कॉइलच्या पत्र्या ब्लेडसारख्या. भोकात बर्फाचा बूच, त्यात कोथिंबिरीचं पान आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा! मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणली होती, तिनं कोमट पाणी सोडत राहिलो. आधी सगळं परत वर यायचं, सातव्या-आठव्या वेळी एकदम गुडगुड करून खाली गेलं आणि मागं ट्रेत धार पडल्याचा आवाज आला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पाइपच्या खालच्या टोकाला रबरी तोंड होतं, त्यातली बुळबुळीत घाण ब्रशनं काढली. खर्च सिरिंजचा, आणि काकांना दोन वेळा चहा.

परत महिन्याभरात बूच झाला तर काय, तेही विचारलं. मग मेकॅनिककडून हीटरला तांब्याची जाड तार अडकवून तिचं टोक ड्रेनच्या भोकात सोडून घ्यायचं, हीटर लागला की तार तापते आणि भोक मोकळं राहतं.

सिंगल डोअरवाल्यांसाठी वेगळं. सासूबाईंचा संगमेश्वरला आहे तसला, त्यात थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असतं, बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की दाबायचं, वितळल्यावर फ्रीज आपोआप परत सुरू होतो. पाणी आतल्याच ट्रेत जमत असेल तर तो ओतायला विसरायचं नाही. तिकडे लाइट जाऊन येऊन असते, त्यामुळं थोडं वितळून परत गोठतं आणि लादी घट्ट होते. दिरांनी मागं एकदा सुरीनं बर्फ फोडला, सुस्स आवाज झाला आणि खेळ खलास. त्या फ्रीजरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्यामुळं सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं, काहीही नको.

आता तक्रार. आमच्या मॅन्युअलमध्ये ड्रेनबद्दल इंग्रजीत एक ओळ आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. दारावर एनर्जीचे स्टार चिकटवायला जागा आहे, मग मागं ट्रेजवळ मराठीत दोन ओळींचा स्टिकर का नाही? आणि मेकॅनिकनं "गॅस गेला" म्हटलं की आपण पैसे काढून देतो. कशावरून गेला ते लिहून मागा, पार्ट बदलला तर जुना पार्ट मागा, फसवलंय असं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मीही मागितलं नव्हतं, म्हणून साडेतीनशे गेले.

परवा ती ताई पुन्हा फेरीला आली. ट्रेत आता दोन बोटं पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, दर आठवड्याला ओतून पुसत जा, असं म्हणत तिनं मला चांगलंच झापलं, वहीत काहीतरी लाल पेननं लिहिलं. काका समोरच्या दारात उभे राहून हसत होते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)