नाना, 'मंग सांगसू' म्हणालात त्याबद्दल

आदरणीय नानांना रामराम,

चोपड्याकडच्या आमच्या बांधावर शमी म्हणून विकत आणून लावलेली वीस रोपं खरी कशाची, याचा निकाल तुम्ही लावून दिलात, त्याला पंधरवडा झाला. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याआधी आलेल्यांना नाव सांगायला अर्धा मिनिटही लागला नव्हता. रोपवाटिकेने शमी म्हणून पैसे घेतले. मोबाईलने बाभूळ ठरवली. एका साहेबांनी गाडीची काच पुरती खाली न करताच 'वेडी बाभूळ आहे, उपटा' असा हुकूम सोडला. तुम्ही डहाळी उन्हाकडे धरून फिरवली, पानं मोजली आणि म्हणालात, "हाई शमी नही, इतलं नक्की. बाकी फूल येऊ द्या, मंग सांगसू." मग खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावर तारीख आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह लिहिलंत. तेही पेन्सिलीने, कारण शाई पहिल्याच पावसात धुऊन जाते. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने चारचौघांत प्रश्नचिन्ह लिहून झाडाला बांधावं, हे इथे कोणी पाहिलं नव्हतं.

काटा किती मोठा हे बघू नका, कुठून निघतो ते बघा, हे तुमचं वाक्य आता गुराख्यांच्या पोरांनाही पाठ झालंय. बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे सरळ, पानाच्या बुडाशी जोडीने. खैराचेही जोडीने, पण मांजराच्या नखासारखे वाकडे. शमीचे काटे बुटके, बुडाशी रुंद आणि दोन पानांच्या मधल्या काडीवर कुठेही विखुरलेले. आमच्या रोपांवर यातलं काहीच नव्हतं. तिथे आखूड राहिलेली फांदीच टोकाला अणकुचीदार झाली होती, आणि त्या काट्याच्या अंगावर चक्क पानं फुटली होती. फोटोत काट्याचं बूड दिसत नाही, म्हणून मोबाईल फसतो. पानंही सकाळीच मोजायची, कारण संध्याकाळी पर्णिका, म्हणजे पानातली चिमुकली पानं, मिटतात आणि तोडलेली डहाळी तर बघता बघता मिटते. पानाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी फुटतात ते उपदांडे. शमीच्या पानाला त्यांच्या एक ते तीन जोड्या, बहुधा दोनच. आमच्याकडे आठ-दहाच्या पुढे, आणि पर्णिका इतक्या बारीक की भिंगाशिवाय मोजता येईनात.

पावसाळ्यात फूल आलं आणि तुम्ही बोलावण्याची वाट न बघता एसटीने आलात. तुरा खाली लोंबणारा, देठाकडचा अर्धा गुलाबी, टोकाकडचा पिवळा. असा दुरंगी तुरा शमीला येत नाही. तिचा तुरा सडपातळ आणि सगळा फिकट पिवळा. चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह खोडून तुम्ही लिहिलंत, सिगमकाठी. पुढे शेंगा आल्या की त्या पिळवटलेल्या, गुंतवळासारख्या गुच्छात येतील. शमीच्या लांब, बारीक आणि सुट्या लोंबतात, हेही सांगून ठेवलंत. शास्त्रीय नावांतली गंमत तर भारीच. शमी प्रोसोपिस सिनेरारिया, ही डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. दोन्हींचा अर्थ राखेच्या रंगाची! रोपवाटिकेने निदान लॅटिन वाचून घोळ घातला असता तर माफ केलं असतं.

फरक नुसत्या पूजेपुरता नाही. शमीचं सोटमूळ खोल जातं, तिच्याखाली पीक घेता येतं. राजस्थानात शेतातच तिला राखतात. सिगमकाठीला मुळांतून धुमारे फुटतात. बुंधा तोडावा तर चहूबाजूंनी दुप्पट उगवते आणि काही वर्षांत बांधाची जाळी होते. पण झाड आपल्याच रानातलं आहे, त्याचा काय दोष? तुमच्या सांगण्यावरून वीसही रोपं उपटण्याऐवजी पावसातच गायरानाच्या कुंपणाला हलवली. शेळ्या खूश आहेत.

खऱ्या शमीचं बी तुम्ही दिलेल्या पुडीतलंच. गोल भोक पडलेलं बी वेगळं काढलं, ते भुंगेऱ्याने आतून खाल्लेलं. उरलेल्यावर उकळून चुलीवरून उतरवलेलं पाणी ओतलं आणि त्यातच रात्रभर ठेवलं. सकाळी फुगलेलं तेवढं पेरलं, न फुगलेल्याला पुन्हा तीच आंघोळ. पिशव्या फूटभर लांब घेतल्यात. आखूड पिशवीत सोटमूळ वेटोळं घेतं आणि रोप शेतात गेल्यावर बसकण मारतं.

येताना पेन्सिल आणा. विहिरीमागे एक रोप उगवलंय. काटे जोडीने, वाकडे, उपदांड्यांच्या वीसेक जोड्या. सगळे खैर म्हणताहेत. आम्ही चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह लिहून बांधलंय.

तुमचेच,
बांधावरची मंडळी