सामायिक सिक्वेन्सिंग प्रयोगशाळांचा न दिसणारा खर्च

संपादक महोदय,

एचआयव्ही संशोधनाची बातमी बहुधा औषधाची, लशीची किंवा बऱ्या झालेल्या एखाद्या रुग्णाची असते. तिच्यामागे राबणाऱ्या, विषाणूच्या जनुकसंचातील अक्षरांचा क्रम वाचून देणाऱ्या सामायिक सिक्वेन्सिंग प्रयोगशाळांची बोळवण शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या एका ओळीत होते. अनेक संशोधकांनी मिळून वापरायच्या या प्रयोगशाळा उभारताना अनुदान देणारे यंत्राची किंमत हिशेबात धरतात आणि वर्षअखेरीस किती नमुने वाचले एवढेच विचारतात. मात्र ज्या कामावर निष्कर्षाचा खरेखोटेपणा ठरतो, त्यासाठी क्वचितच तरतूद करतात. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

एचआयव्हीचा जनुकसंच जेमतेम ९,७०० अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपुढे अगदीच किरकोळ. पण त्याची नक्कल करणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर आपल्या चुका तपासत नाही, आणि उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी विषाणुकण तयार होतात. त्यामुळे एकाच रुग्णात विषाणूची थोडथोडी वेगळी असंख्य रूपे एकत्र नांदतात. क्रम वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीत औषधरोधी उत्परिवर्तन, म्हणजे औषधाला दाद न देणारा जनुकीय बदल, साधारण १५ ते २० टक्के विषाणूंत असेल तरच दिसते. नव्या यंत्रांवर त्याहून खूपच कमी प्रमाणातलेही पकडता येते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण एका अटीवर: नमुन्यातले मूळ रेणू पुरेशा संख्येने वाचले गेले पाहिजेत.

समजा, रक्तद्रवाच्या नमुन्यातून विषाणूच्या आरएनएचे २० रेणूच पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचले, पीसीआरने त्यांच्या अगणित प्रती काढल्या आणि यंत्राने त्यांतल्या १ लाख वाचल्या. अहवालात १ लाखाचा आकडा झळकतो. प्रत्यक्षात तेच २० रेणू पुन:पुन्हा वाचलेले असतात, आणि पीसीआरच्या पहिल्याच फेऱ्यांत झालेली एखादी चूक एक-दोन टक्के विषाणूंतला औषधरोध म्हणून समोर येते. यावरचा एक उपाय २०११ साली ‘प्रायमर आयडी’ या नावाने एचआयव्हीसाठी मांडला गेला. प्रत्येक आरएनए रेणूची पहिली डीएनए प्रत बनतानाच तिला यदृच्छया निवडलेल्या अक्षरांची खूण जोडायची, नंतर एकाच खुणेची सर्व वाचने एकत्र करून त्यांतला बहुमताचा क्रम धरायचा. खुणा मोजल्या की मुळात किती रेणू पाहिले गेले याचा प्रामाणिक अंदाजही येतो. मात्र ही खूण पहिल्याच पायरीवर जोडावी लागते. प्रती काढून झाल्यावर नमुना घेऊन येणाऱ्या संशोधकाला कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. म्हणून खरा सल्ला नमुने गोळा करण्याआधी द्यावा लागतो, आणि त्या तासाभराच्या बोलण्याला दरपत्रकात जागाच नसते.

नमुन्यात बाहेरचे काही मिसळण्याचे, म्हणजे दूषणाचेही तसेच आहे. २००९ साली ‘एक्सएमआरव्ही’ या रेट्रोव्हायरसचा (एचआयव्हीच्याच कुळातील विषाणूचा) संबंध दीर्घकालीन थकव्याच्या विकाराशी जोडणारा शोधनिबंध गाजला आणि २०११ साली तो मागे घ्यावा लागला. रुग्णांत ‘सापडलेला’ विषाणू प्रयोगशाळेतील दूषणातून आलेला होता. अनेक गटांचे नमुने एकाच जागी हाताळले जातात तेथे हा धोका अधिकच. प्रत्येक तुकडीबरोबर कोरा, म्हणजे विषाणू नसलेला नमुना चालवणे आणि आलेले क्रम प्रयोगशाळेतल्या ज्ञात क्रमांशी ताडून पाहणे, हाच त्यावरचा इलाज. पण कोऱ्या नमुन्याचे बिल कोणाच्याच नावे निघत नाही, त्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

शिवाय जगातील जवळपास निम्मे संसर्ग ‘सी’ उपप्रकाराचे असताना अनेक प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे, विषाणूच्या क्रमाशी जुळावे लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) ‘बी’ उपप्रकार समोर ठेवून बेतलेले आहेत. ते तपासून नव्याने बेतणे हे अनुभवी माणसाचेच काम, आणि अशी माणसे वर्षावर्षाच्या करारावर टिकत नाहीत.

वापरशुल्क रद्द करावे, असे माझे म्हणणे नाही. फुकट मिळाले की वाटेल तसे नमुने पाठवले जातात. परंतु तंत्रज्ञ आणि विदा-विश्लेषक यांचे वेतन शुल्काच्या चढउतारावर अवलंबून न ठेवता स्थायी अनुदानातून द्यावे, कोरे नमुने आणि पूर्वसल्ला यांची नोंद कामातच धरावी, आणि वार्षिक अहवालात वाचलेल्या नमुन्यांबरोबर फेटाळलेल्या नमुन्यांची संख्या व त्यांची कारणेही मागवावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक