कांदा शेतात भिजतो, सडतो चाळीत

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात हवामान बदलावर अधूनमधून चांगले लेख येतात, ध्रुवावरचा बर्फ, समुद्राची पातळी वगैरे, आणि बऱ्याचदा त्याच अंकात बाजारभावाच्या पानावर "कांदा पुन्हा रडवणार" अशी हेडलाइन असते. या दोन बातम्यांची एकमेकींशी ओळखच नसते, तक्रार एवढीच आहे. मी चांदवड तालुक्यातला कांदा उत्पादक, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

उन्हाळ कांद्याचं गणित शहरातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. देशात पिकणाऱ्या कांद्यातला साधारण ६५ ते ७० टक्के हा रब्बीचाच, आम्ही त्याला उन्हाळ म्हणतो. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्चअखेरपासून मेपर्यंत काढणी, आणि मग नवीन लाल कांदा बाजारात येईपर्यंत सगळा पावसाळा देश चाळीतलाच कांदा खातो (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर, फळ्यांची शेड). म्हणजे पिकवण्याइतकंच टिकवणंही महत्त्वाचं, आणि तो टिकणार की नाही हे ठरतं काढणीच्या दोन-तीन आठवड्यांत. माना पडल्या, म्हणजे पात कांद्याजवळ आडवी झाली, की पाणी तोडायचं, उपटला की पातीसकट वाफ्यातच वाळवायचा, एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकायचे म्हणजे उन्हाचा चटका बसत नाही, मग बोटभर मान ठेवून पात कापायची, सावलीत ढीग लावायचा आणि मान पूर्ण सुकून बंद झाली की चाळ भरायची. ती मान ओली राहिली तर बुरशी तिथूनच आत शिरते, मग वरून कितीही पावडर मारा.

आता नेमका याच दिवसांत पाऊस यायला लागलाय. २०२३ ला मार्चमध्ये आला, एप्रिलमध्ये गारांसकट आला. २०२५ चा मे तर विचारूच नका, वळीव असेल म्हणता म्हणता पाऊस बसलाच, आणि २६ मेला मान्सून मुंबईत हजर, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढ्या लवकर कधी आला नव्हता, एरवी तारीख ११ जून. अर्ध्या शिवारात कांदा वाफ्यात पडलेला, ताडपत्री दुकानात मिळेना. आणि नुसता पाऊस नाही, ऊनही आहे. दिवसाच्या कमाल तापमानात २०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी होता, असं ऊन एकदम पडलं की कांदा पोसायच्या आधीच माना टाकतो आणि गोल्टीच, म्हणजे बारका कांदाच, जास्त निघते.

पण खरी गोम पुढेच आहे. भिजलेला कांदा लगेच सडत नाही. वरून दोन दिवस ऊन मिळालं की चांगला दिसतो, पत्ती, म्हणजे वरचं साल, सुटलेली असते पण नवख्याला कळणार नाही, लोक चाळ भरून टाकतात, दुसरं करणार काय. मग जुलैच्या शेवटी चाळीकडे जा, आधी वास येतो. खालच्या फळ्यांतून पिवळसर पाणी गळत असतं, त्यावर चिलटं. वरचा थर कोरडा दिसतो, हात आत घातला की गरम लागतं आणि बोटं सरळ कांद्यात जातात. एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो. मग चाळ फोडायची, बाया लावायच्या, निवडायचा, काजळी (काळी बुरशी) आलेला वेगळा, कोंब आलेला वेगळा, बाकीचा ट्रॉली भरून उकिरड्यावर. कधीकधी तर चाळीतला निम्मा माल असा जातो, वर निवडायची मजुरी खिशातून.

आणि हे नुकसान कुठल्याही कागदावर येत नाही. अवकाळी झाला की तलाठी, कृषी सहायक येतात, शेतात उभं पीक बघतात, ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर पंचनामा. काढून चाळीत भरलेल्या मालाचा पंचनामा कोण करणार. पीक विम्यात काढणीनंतर शेतात वाळत टाकलेल्या मालाला १४ दिवसांचं संरक्षण असायचं, पण आपल्याकडे २०२५ च्या खरिपापासून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर गेली. प्रयोगात काय मोजतात तर उत्पादनाचं वजन! भिजलेल्या कांद्याचं वजन कमी थोडंच भरणार आहे, तो तर पाणी पिऊन बसलेला असतो. म्हणजे मेमध्ये कागदावर पीक उत्तम, जुलैमध्ये उकिरड्यावर.

आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरला आवक घटली, भाव चढला की सगळ्यांना साठेबाज आठवतो. साठेबाज नसतातच असं मी म्हणत नाही, व्यापारी काय करतात ते आम्हालाही दिसतं, पण चाळीत कांदा नसण्याचं कारण त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये आहे हे कोणी लिहीत नाही. २०२३ ला तेच झालं, ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, नोव्हेंबरच्या शेवटी निफाडकडे गारपीट, आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली २०२४ च्या मेमध्ये. हवामानाने तूट पाडली आणि ती भरून काढली ती आमच्या भावातून. २०२५ ला तर वेगळीच तऱ्हा, आमच्याकडे बऱ्याच जणांनी भिजलेला कांदा टिकणार नाही या भीतीने मिळेल त्या भावात विकला, आणि ज्यांनी धीर धरून ठेवला त्यांचा चाळीत गेला वर भावही आला नाही.

उपाय नाहीत असं नाही. लासलगावला बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्यावर किरणांचा मारा करतात, पण विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही, त्यामुळे "विकिरण करा ना" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा. राजगुरुनगरच्या कांदा लसूण संशोधन संचालनालयाने भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण दिलेत, साठवणुकीला बरे आहेत, पण ओल्या मानेपुढे वाण काय करणार. शेवटच्या टप्प्यात युरिया ओतून कांदा फुगवणारे आमच्यातही आहेत, त्यांचा कांदा तर कोरड्या वर्षातही टिकत नाही, ते वेगळं. मला विचाराल तर पहिली गरज मोठ्या कोल्ड स्टोरेजची नाही, गावात काढणीच्या वेळी कांदा आत घेऊन वाळवायला छप्पर आणि पंख्याची हवा हवी, अगदी दहा-पंधरा शेतकऱ्यांत एक शेड. अनुदान चाळीला आहे, वाळवायच्या जागेला कोण विचारतंय?

शहरात पूर्वी लोक मेमध्ये गोणीच्या गोणी भरून ठेवायचे, आता दोन किलो आणतात, आणि पावसाळ्यात कांदा टिकत नाही हे तर घरोघरी माहीत होतं, कांदेनवमीची भजी उगाच नाही आली. फरक एवढाच की तेव्हा आषाढात सडायचा तो आता चाळीत भरतानाच अर्धा मेलेला असतो.

तर विनंती अशी की येत्या ऑगस्टमध्ये तुमचा वार्ताहर चांदवड, येवला, देवळा, कुठेही पाठवा, चार चाळी फोडताना बघा, किती निघाला किती फेकला ते लिहा आणि फोटो छापा. आणि कृषी विभागाला पेपरच्या लेटरहेडवर एकदा विचारा की चाळीत सडलेल्या कांद्याची नोंद कोण घेतं, आम्ही विचारलं तर तालुक्याला जा म्हणतात, तालुक्याला गेलं तर जिल्ह्याला.

— एक कांदा उत्पादक, ता. चांदवड, जि. नाशिक