पासपोर्टची फी फलकावर लावा

महोदय,

रावेर-यावल पट्ट्यातली केळी आखातात जातात आणि आता गावागावांतली मुलंही नोकरीला, शिक्षणाला परदेशी निघाली आहेत. त्यांच्यामागे आई-वडीलही पासपोर्ट काढायला धावतात आणि नेमके तिथेच नाडले जातात. प्रौढांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे, तत्काळला २,००० रुपये जादा. साठीपुढच्यांना नव्या साध्या अर्जावर १० टक्के सवलत मिळते, हे तर कित्येकांना कुणी सांगतच नाही. फॉर्म भरून देणारे दुप्पट-तिप्पट उकळतात, 'पोलीस पडताळणीचे' म्हणून वेगळे मागतात. पडताळणीची स्वतंत्र फी नसते! त्यात हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या बनावट वेबसाइट आहेतच. खरी वेबसाइट 'पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन' हीच.

मुदत संपायच्या वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. अनेक देश किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' म्हणजे 'परदेशगमनाआधी तपासणी आवश्यक' अशी नोंद येते, मग सौदी, कुवेतसारख्या देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी लागते. हे एजंट मुद्दाम सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात ही फी व खरी वेबसाइट ठळक अक्षरांत लावायला सांगावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अमळनेर