मार्क कमी का पडले ते लिहायचं की गप्प बसायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत लॉ स्कूलचे, म्हणजे डिग्रीनंतरच्या वकिलीच्या शिक्षणाचे, अर्ज साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात आणि आपल्या मराठी घरांतून दरवर्षी एकच प्रश्न मला फोनवर विचारला जातो, की ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, एखादं सेमिस्टर वाईट गेलंय तर त्याचं कारण लिहायचं की कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसायचं. मागच्या वर्षी आमच्याही घरात दोन महिने हेच चालू होतं, म्हणून लिहितेय.

मुलगी कॉलेजला गेली तेव्हा डॉक्टर व्हायचं हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. तिने तोंडावर नाही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी मायनस आला, तोच कोर्स परत घेतला तर बी आला, आणि आम्हाला वाटलं चला, आधीचा पुसला गेला. तसं नसतं हो! लॉ स्कूलचे अर्ज एलसॅक नावाच्या संस्थेमार्फत जातात, ते लोक जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, स्वतः नव्याने काढतात आणि दोन्ही ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर दिसत असतील तर दोन्ही धरतात, कॉलेजने जुनी सोडून दिली असली तरी. एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा परत देता येते, लॉ स्कूल आपल्या आकडेवारीत त्यातला सगळ्यात जास्त स्कोअर धरतात, पण जीपीएचं तसं नाही, डिग्री झाली की तो आकडा तिथेच थांबला. आणि लॉ स्कूलना दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांचा मीडियन, म्हणजे बरोबर मधला, जीपीए जाहीर करावा लागतो, त्यामुळे त्या सी मायनसवर वाचणाऱ्याची नजर जाणारच. म्हणून अर्जासोबत ॲडेंडम जोडता येतो, पर्सनल स्टेटमेंटपासून, म्हणजे स्वतःबद्दलच्या मुख्य निबंधापासून, वेगळा, छोटासा कागद.

आम्ही पैसे भरून एका कन्सल्टंटकडे गेलो. त्याने सांगितलं आजोबा वारले ते लिहा, सहानुभूती मिळते. दीड पान तयार झालं. रात्री मी ते डायनिंग टेबलवर वाचत बसले होते, शेजारी ट्रान्सक्रिप्ट, आणि एकदम लक्षात आलं की बाबा गेले मार्चमध्ये, ग्रेड पडली त्याच्या आधीच्या डिसेंबरमध्ये. दोन कागद शेजारी ठेवले की कुणालाही दिसेल असं खोटं आम्ही माझ्या वडिलांच्या नावावर पाठवणार होतो. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

माझं मत विचाराल तर खरं कारण असेल, ते आता संपलेलं असेल आणि पुढच्या ग्रेड चढत्या असतील तर जरूर लिहावं, पण पाच-सहा ओळीत. एखादा बी आला किंवा एलसॅटला दोन मार्क कमी पडले तर काही लिहू नका, उगाच तिथेच बोट दाखवल्यासारखं होतं. आजारपण, घरातलं कुणी जाणं हे खरंच घडलं असेल तर त्यात लाज कसली, तारखेसकट लिहा. आणि कॉपी, शिस्तभंग, प्रोबेशन याबद्दल अर्जात वेगळा प्रश्न असेल तर तिथे लिहू की नको हा विषयच नाही, खरं उत्तर द्यायलाच लागतं, कारण पुढे वकिलीची सनद घेताना बारवाले, म्हणजे सनद देणारी मंडळी, परत सगळं तपासतात. आईवडिलांना हात जोडून सांगते, हा कागद मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या.

माझ्या नवऱ्याला धास्ती होती की ती आता लिहिणार, आईबाबांनी जबरदस्ती केली म्हणून. तिने दीड पान फाडून टाकलं आणि नवीन लिहिलं, की पहिली दोन वर्षं मी मेडिकलच्या तयारीचे विषय घेतले, ते माझ्यासाठी नाहीत हे कळायला आणि कळल्यावर बोलायला मला उशीर झाला, तिसऱ्या वर्षी पॉलिटिकल सायन्स घेतलं, तेव्हापासूनच्या ग्रेड सोबत आहेत. आमचा उल्लेख कुठेही नव्हता. ती फाइल अपलोड करून झोपायला गेली आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून होतो.

– एक आई, एडिसन, न्यू जर्सी